ऑनलाइन वर्गात अभिप्राय कसा द्यावा, म्हणजे तो मुलांच्या कामी येईल?

गणितवेडी

नमस्कार मंडळी. मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते, सगळं ऑनलाइन. मुलं कोल्हापूर, लातूर, ठाणे अशी विखुरलेली. काही मराठी माध्यमाची, काही सेमी इंग्रजीची. २०२० साली सगळ्यांनाच पडद्यावर यावं लागलं, तेव्हा नेटवर्कवर बोललं गेलं, मोबाइलवर, डोळ्यांच्या त्रासावर, शिकवण्याच्या ॲपांवर. पण मुलाने केलेलं काम आपल्याकडे आलं की त्याला नेमकं काय सांगायचं आणि कधी सांगायचं, यावर फारसं कुणी बोललं नाही. शाळा पुन्हा भरल्या तरी ऑनलाइन शिकवण्या चालूच आहेत, आणि हा प्रश्नही तिथेच आहे.

प्रत्यक्ष वर्गात शिक्षक बाकांमधून फिरतो. मूल उदाहरण सोडवत असतानाच त्याची वही दिसते. दुसऱ्या पायरीला चिन्ह चुकलं की आपण त्या ओळीवर नुसतं बोट ठेवतो, आणि मूल ‘हां हां’ म्हणत खोडरबर शोधायला लागतं. शिक्षकाला एक पैसा किंवा एक शब्द खर्च न करता देता येणारा हा अभिप्राय ऑनलाइन वर्गात आपल्या हातून जातो. आपल्याला मिळतो तो रात्री उशिरा आलेला वहीचा फोटो. तोवर तीच चूक पुढच्या पाच-सहा उदाहरणांत उतरलेली असते. मग आपण लाल रंगात सगळीच्या सगळी सुधारून परत पाठवतो. मूल ते उघडतं, गुण बघतं, बंद करतं.

ज्या अभिप्रायावर मुलाने पेन उचललं नाही, तो दिलाच नाही असं मी धरते. त्यामुळे मी लिहिते थोडं, आणि त्यावर काम करून घ्यायला वेळ जास्त ठेवते.

तासात मी पूर्ण उत्तर मागत नाही, फक्त पहिली पायरी मागते. झूमच्या चॅटला असं सेटिंग ठेवता येतं की मुलांचा संदेश फक्त शिक्षकाला दिसतो. समजा उदाहरण वयांचं आहे: आईचं वय मुलाच्या वयाच्या चौपट, पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. मी म्हणते, सोडवू नका, समीकरण मांडून पाठवा. दोन मिनिटांत माझ्यासमोर सगळ्यांची समीकरणं असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पाच वर्षं फक्त आईच्या वयात मिळवलेली असतात. मग कुणाचंही नाव न घेता सांगते, ‘काही समीकरणांमध्ये आई पाच वर्षांनी मोठी झाली आहे, पण मुलगा होता तेवढाच राहिला आहे. आपापलं समीकरण बघा.’ दुरुस्त समीकरणं लगेच यायला लागतात. चूक झाली आणि सुधारली, यात दोन-तीन मिनिटांचंच अंतर पडतं.

गृहपाठाच्या फोटोवर मी उत्तर दुरुस्त करत नाही. जिथे गाडी घसरली त्या ओळीच्या समासात एक टिंब देते. गूगल क्लासरूमच्या मोबाइल ॲपमध्ये फोटोवर बोटाने लिहिता येतं, त्यामुळे वेगळं काही लागत नाही. टिंब कुठे आहे ते मूल बघतं, चूक काय ते स्वतः शोधतं. ज्यांना टिंबावरून सापडत नाही त्यांना एक प्रश्न: ‘कंसाबाहेर उणे आहे, मग आतल्या दुसऱ्या पदाचं काय होईल?’ पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं फक्त या टिंबांसाठी. त्या वेळात नवीन काही शिकवायचं नाही, हजेरी नाही, सूचना नाहीत. गुण मी टिंबं सोडवून आल्यानंतरच कळवते.

आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न मी ऑनलाइन वर्गातून काढून टाकला आहे. त्याला पडद्यावर तीसच्या तीस अंगठे वर येतात, आणि त्यांतून काहीही कळत नाही. त्याऐवजी, ‘याच समीकरणात तिप्पटच्या जागी दुप्पट असतं तर कुठली संख्या बदलली असती?’

मला तुमच्याकडून ऐकायचंय. भाषा शिकवणारे काय करतात? लहान मुलांचं काय? आणि ज्यांच्या वर्गात शंभर-दीडशे मुलं आहेत, ते कसं निभावतात?

बोरूबहाद्दर

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पाचवी-सहावी. आमच्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) असे दोन भाग, आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी. मुळात कल्पना सुंदर आहे: मुलाला नुसता आकडा न देता त्याच्याबद्दल दोन वाक्यं लिहायची. पण बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, मग पीडीएफ आल्या, आणि ‘संवादात सहभागी होतो’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ ही वाक्यं एका वर्गातल्या निम्म्या मुलांच्या नावापुढे दिसू लागली. जी नोंद वाचून ती कुठल्या मुलाची आहे हे त्याच्या शिक्षकालाच ओळखता येत नाही, ती त्या मुलाच्या उपयोगाची नाही. ऑनलाइनला हाच धोका जास्त, कारण तिथे चिकटवणं आणखी सोपं.

करोनातल्या ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’च्या काळात आमचा वर्ग म्हणजे व्हॉट्सॲपचा गट होता. घरात एक मोबाइल, तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर. मूल संध्याकाळी सातनंतर फोटो टाकणार. मी गटावर कुणाचीच वही तपासत नव्हतो. गटावर ‘छान’चा अंगठा एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरं मूल पुढच्या दिवशी फोटोच टाकत नाही. आणि गटात पालकही असतात, शेजारचेही असतात. चूक ही त्या मुलाची आणि माझी खासगी बाब आहे.

मी व्हॉइस नोट पाठवायचो, वैयक्तिक. त्यात एक गोष्ट जमलेली, नेमकी. ‘तू गोष्टीत म्हातारीच्या घराचं वर्णन केलंस, त्यात चुलीचा वास आणलास, तो मला आवडला.’ मग एकच काम. ‘आता म्हातारी बोलते तिथे अवतरण चिन्हं घालून ती चार वाक्यं परत लिही आणि पाठव.’ आवाजाला डेटा कमी लागतो, रेंज आली की उतरतो, आणि मुख्य म्हणजे ज्याला अजून वाचायला जड जातं त्यालाही तो कळतो. पाचवीतल्या कच्च्या वाचकाला पाच ओळींचा लेखी शेरा देण्यात काय अर्थ आहे?

आणि ज्यांच्या घरी स्मार्टफोनच नव्हता त्यांना साधा फोन. तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत मूल एक उतारा वाचून दाखवायचं. कोणत्या शब्दाशी अडखळलं ते लगेच कळायचं.

मावळतीचा_पालक

मी शिक्षक नाही, पालक म्हणून लिहितो. मुलगी सातवीत, आठवड्यातून तीन दिवस ऑनलाइन इंग्रजी आणि विज्ञानाचा क्लास. अभिप्राय म्हणून येतं ते ‘गुड, कीप इट अप’ किंवा ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’. मी तिला विचारतो, काय सुधारायचं? ती म्हणते, माहीत नाही बाबा. मलाही माहीत नाही. मग मी तिच्याजवळ बसून उत्तरच सांगून टाकतो, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा जमा करायचं असतं. पालकांनी नक्की काय करावं, हेही कुणीतरी सांगा.

गणितवेडी

@मावळतीचा_पालक, तुम्ही उत्तर सांगितलंत की शिक्षकाला दिसते ती तुमची वही, तिची नाही. मग पुढचा अभिप्राय तुम्हाला मिळतो. रागावू नका, हे अगदी मनापासून सांगते. मी माझ्या पालकांना एवढीच विनंती करते: चूक राहू द्या, अर्धवट राहू द्या, फक्त मुलाला म्हणा की जिथे अडलंस तिथे एक रेघ मार आणि तसंच पाठव. रेघ मारलेली अर्धी वही मला पूर्ण बरोबर वहीपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

आणि ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ आलं तर शिक्षकाला मुलीनेच विचारावं, तुम्ही नव्हे: ‘मॅम, यातलं कोणतं एक वाक्य मी बदलू?’ असा प्रश्न आला तर बहुतेक शिक्षक नीट उत्तर देतात. न देणाऱ्यालाही द्यावं लागतं.

बोरूबहाद्दर

‘कोणतं एक वाक्य मी बदलू’ हे माझ्या मुलांना उद्याच शिकवतो.

चष्मेवाली_संशोधक

शिक्षणशास्त्र हा माझा विषय, म्हणून थोडी भर घालते.

गुण उशिरा द्यायचे, यामागे चांगला आधार आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर अभ्यास केला, १९८८ साली तो प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं आणि रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांना मधला फायदा मिळेल असं वाटतं ना? तसं झालं नाही. ती मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली. आकडा शेजारी असला की मूल शेरा वाचत नाही, किंवा वाचूनही त्याच्या मनात आकडाच राहतो.

दुसरा, क्लुगर आणि डेनिसी यांचा १९९६ चा आढावा. त्यांनी अभिप्रायावरच्या अभ्यासांतले ६०७ परिणाम एकत्र करून पाहिले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर कामगिरी खालावली. म्हणजे अभिप्राय देणं हे आपोआप चांगलंच, असं नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ यावर गेलं की त्याचा उपयोग कमी होत जातो. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्यसुद्धा त्याच रांगेत बसतं, हे आपल्याकडच्या शिक्षकांना पटायला जड जातं. बोरूबहाद्दर यांनी चुलीच्या वासाचं कौतुक केलं, मुलाचं नाही, हे म्हणूनच मला महत्त्वाचं वाटलं.

हॅटी आणि टिंपर्ली यांनी २००७ मध्ये तीन प्रश्न मांडले: मला कुठे जायचंय, मी कुठवर आलोय, आता पुढे काय करू? आपल्या बहुतेक शेऱ्यांमध्ये दुसरा प्रश्न असतो, तिसरा नसतो. आणि ऑनलाइनमध्ये पहिलाही गायब असतो, कारण चांगलं उत्तर कसं दिसतं हे मुलाने कधी पाहिलेलंच नसतं. प्रत्यक्ष वर्गात ते शेजारच्याच्या वहीत डोकावून तरी पाहता येतं.

आयआयटीवाले_सर

तुमचं सगळं तत्त्वतः मान्य. पण माझ्याकडे जेईईच्या एका बॅचला दीडशे मुलं आहेत, सगळी ऑनलाइन. दर रविवारी चाचणी, सोमवारी गुणांची यादी. पालक ती यादी मागतात, मुलंही मागतात. गुण थांबवले तर मंगळवारपर्यंत फोनवर फोन. आणि बहुपर्यायी प्रश्नांत टिंब कुठे द्यायचं? मूल फक्त ‘क’ निवडतं.

चष्मेवाली_संशोधक

सर, ‘क’ निवडण्यामागचं कारण मागा, पण सगळ्या प्रश्नांचं नव्हे. तीस प्रश्नांच्या चाचणीत तीन प्रश्न असे ठेवा की पर्यायाबरोबर एक ओळ लिहायची: हा का, आणि तुमचा दुसरा संशय कशावर होता. शिवाय प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री आहे / अंदाज आहे’ अशी खूण घ्या. खात्रीने चुकलेली उत्तरं वेगळी काढली की तुम्हाला गैरसमज सापडतात. अंदाजाने बरोबर आलेली काढली की मुलाला स्वतःचं पोकळ ज्ञान सापडतं. गूगल फॉर्ममध्ये हे सहज होतं, आणि दीडशे मुलांची वर्गवारी स्प्रेडशीट करून देतं.

गणितवेडी

@आयआयटीवाले_सर, दीडशे मुलांच्या चुका दीडशे प्रकारच्या नसतात. वीस-पंचवीस वह्या नीट वाचल्या की त्या धड्यातल्या चार-पाच चुका वर येतात, बाकीच्या वह्यांमध्ये त्याच फिरतात. मी त्यांना अक्षरं दिली आहेत: ‘चि’ म्हणजे चिन्ह, ‘ए’ म्हणजे एकक राहिलं, ‘वा’ म्हणजे प्रश्न पूर्ण वाचला नाही, ‘सू’ म्हणजे सूत्रच वेगळं. वहीवर टिंब आणि अक्षर, बस. मग त्या प्रत्येक चुकीवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ एकदाच करून ठेवायचा आणि ‘चि’वाल्यांनी ‘चि’चा बघून दोन उदाहरणं सोडवून आणायची. त्यामुळे ज्याची चूक नाही त्याला तेच तेच पुन्हा ऐकावं लागत नाही.

गुणांबद्दल: यादी रोखू नका, पुढे ढकला. चाचणी रविवारी, चुकलेल्या प्रश्नांचे क्रमांक रविवारी रात्री, दुरुस्ती सोमवारी, यादी मंगळवारी. पालकांना वेळापत्रकातच हे लिहून दिलं असेल तर फोन येत नाहीत. येतात ते यादी कधी लागेल हे माहीत नसतं म्हणून.

आयआयटीवाले_सर

खात्री-अंदाजाची खूण या रविवारी लावून बघतो. यादीचं पुढच्या बॅचपासून, कारण या बॅचला वेळापत्रक देऊन झालंय. ‘खात्रीने चुकलेली’ ही यादी मला स्वतःलाच शिकवताना लागेल हे लक्षात येतंय.

तानपुरा

गाण्याच्या बाजूने लिहिते. मी ऑनलाइन शास्त्रीय गायन शिकवते, विद्यार्थी निम्मे भारतात, निम्मे बाहेर. समोर बसलेला विद्यार्थी गात असताना गुरू नुसती मान हलवतो किंवा तोच सूर बरोबर लावून दाखवतो, आणि तो तिथल्या तिथे सुधारतो. इंटरनेटवर आवाज पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे एकमेकांबरोबर गाता येत नाही, ठेका धरता येत नाही. मी इकडून ‘थांब’ म्हणेपर्यंत विद्यार्थी दोन स्वर पुढे गेलेला असतो आणि त्याला कळत नाही की मी नक्की कुठे थांबवलं.

त्यात झूम तानपुऱ्याचा आवाज सतत चालणारा गोंगाट समजून दाबून टाकतं. तुम्ही कुणी संगीत शिकवत असाल तर दोन्ही बाजूंनी ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर सूर लागला की नाही हे ठरवायचा आधारच नाहीसा होतो, आणि त्यावर दिलेला अभिप्राय चुकीचा ठरू शकतो. हे तांत्रिक वाटतं, पण आमच्याकडे अभिप्रायाची सुरुवात इथून होते.

मी रियाजाचं ध्वनिमुद्रण मागवते, तासाच्या आदल्या दिवशी. त्यावर वेळ लिहून टिपणं देते. ‘१:१२ ला धैवतावरून वरच्या षड्जाला जाताना निषादाला स्पर्श होतोय.’ भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नसतात, हे मुलीला तोंडपाठ असतं, पण घसरताना तो स्पर्श होतोय हे तिला गाताना ऐकू येत नाही. ध्वनिमुद्रणात येतं. खरं सांगायचं तर इथे ऑनलाइनचा मला फायदाच वाटतो: समोर बसून शिकताना विद्यार्थी स्वतःला क्वचितच ऐकतो, तो गुरूच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

हल्ली मी उलटं केलं आहे. ध्वनिमुद्रण पाठवताना वेळा विद्यार्थ्यांनीच लिहून पाठवायच्या: कुठे बेसूर वाटलं, कुठे श्वास पुरला नाही. मी फक्त त्यांनी सोडलेली एखादी जागा दाखवते. काही विद्यार्थ्यांच्या यादीत आता माझ्यापेक्षा जास्त जागा असतात.

गणितवेडी

तानपुरा, हे वाचून फार आनंद झाला. टिंब मुलांनीच द्यायचं, हा पुढचा टप्पा आहे खरा.

जर्सीची_मराठी_शाळा

आमची मराठी शाळा न्यू जर्सीत, शनिवार-रविवारी एक तास. करोनात ऑनलाइन झाली आणि काही वर्ग तसेच राहिले, कारण लांबची मुलं येऊ शकतात. आमची मुलं इथे जन्मलेली, मराठी ऐकून कळतं, बोलायला लाजतात. पडद्यावर तर सगळ्यांसमोर एकट्याचा आवाज चौकटीत मोठा होऊन येतो, त्यामुळे आणखीनच.

मूल म्हणतं, ‘माझा पुस्तक घरी राहिला.’ आमच्यातले बरेच स्वयंसेवक हसून म्हणतात, ‘अच्छा, तुझं पुस्तक घरी राहिलं का?’ आणि पुढे जातात. प्रेमळ वाटतं, पण मुलाला वाटतं की ताईंनी फक्त प्रश्न विचारला. तो ‘हो’ म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘माझा पुस्तक’. कॅनडातल्या फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांवर लिस्टर आणि रांटा यांचा १९९७ चा अभ्यास आहे, त्यातही हेच दिसलं: शिक्षक सर्वांत जास्त वेळा वाक्य दुरुस्त करून परत म्हणतात, आणि मुलं सर्वांत कमी वेळा त्यावरून स्वतःचं बोलणं सुधारतात. मुलाकडूनच दुरुस्ती काढून घेतली तर ती जास्त होते.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. बोलणं पूर्ण होऊ द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. मग पडद्यावर तीन रंगांचे कागद धरायचे: तो, ती, ते. मूल रंग बघतं आणि स्वतःच म्हणतं, ‘माझं पुस्तक.’ एका वेळी एकच गोष्ट धरतो, या महिन्यात लिंग, पुढच्या महिन्यात काळ. त्या महिन्यात ‘ळ’ चुकला तरी सोडून देतो. आजी-आजोबांना हे सांगावं लागतं, कारण ते फोनवर प्रत्येक शब्द सुधारतात आणि मूल इंग्रजीवर उतरतं.

बोरूबहाद्दर

‘ळ’ सोडून देण्याबद्दल मनापासून टाळ्या. आपल्याकडे मराठीच्या वहीत लाल शाईने आधी ऱ्हस्व-दीर्घ गोल करतात. निबंधात मुलाने काय लिहिलं ते शेवटी. मुलगी आपल्या वारलेल्या आजोबांबद्दल लिहिते आणि तिला परत मिळतं काय, तर ‘वेलांटी तपासा’. शुद्धलेखन महत्त्वाचं आहेच, मी त्याबाबत कडक आहे. पण ते दुसऱ्या मसुद्यावर. आधी मला तिला सांगायचं असतं की तुझे आजोबा मला दिसले.

अभियांत्रिकीचा_कॅमेरा_बंद

विद्यार्थ्याच्या बाजूने लिहू का? २०२० ला बारावी, पुढे इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष बरंचसं ऑनलाइन. कॅमेरा बंद ठेवतो म्हणून आम्ही झोपलेले असतो असं सरांना वाटायचं. आमच्या घरी दोन खोल्या, मागे आई स्वयंपाक करतेय, बहिणीचाही क्लास चालू. मी कॅमेरा कसा लावणार?

अभिप्राय म्हणून एक गोष्ट उपयोगी पडली. प्रोग्रामिंगचे एक सर असाइनमेंट तपासताना स्वतःचा स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायचे, चार-पाच मिनिटं. माझा कोड वाचताना ते मोठ्याने विचार करायचे. ‘इथे हा लूप का लावला असेल... हां, याला वाटतंय की यादी आधीच क्रमाने लावलेली आहे. पण ती तशी आहे का?’ माझा गैरसमज त्यांना कुठे दिसला, तो क्षण मला ऐकू यायचा. गुणांपेक्षा ते जास्त लक्षात राहिलं. आणि वाटायचं की कुणीतरी आपला कोड खरंच वाचतंय. ऑनलाइनमध्ये ते वाटणंच मुळात कमी असतं.

एक विनंती. सगळ्यांसमोर ‘बघा, याने किती छान केलंय’ म्हणून एकाचा स्क्रीन दाखवू नका. त्याला नंतर गटात ऐकावं लागतं. दाखवायचंच तर नाव काढून, आणि त्याला विचारून.

गणितवेडी

हे तुम्ही लिहिलंत ते सगळ्या शिक्षकांनी वाचावं. कॅमेरा बंद असला तरी हात चालू असतात. म्हणून मी चेहरा मागत नाही, लिहिलेलं मागते.

घाईतली_टीचर

सगळं वाचलं, पण एक शंका. हल्ली एआयला मुलाचं उत्तर दिलं की तो शेरा लिहून देतो, मराठीतही. माझ्याकडे चार तुकड्या आहेत. वापरावं का?

चष्मेवाली_संशोधक

टंकलेखन वाचवायला वापरा, निर्णय घ्यायला नको. तुम्ही वही बघून ठरवा की या मुलाला आत्ता कुठली एक गोष्ट सांगायची, मग ते वाक्य नीट करून घ्यायला मदत घ्या. थेट वही देऊन शेरा मागितला तर चार ताकदी, चार उणिवा, शेवटी प्रोत्साहन असं गोड, लांब आणि कुणालाही लागू पडेल असं काहीतरी येतं. वर तयार वर्णनात्मक नोंदींबद्दल लिहिलंय, तीच अडचण नव्या यंत्रातून परत येते. आणि मुलांची नावं, फोटो, घरच्या गोष्टी तिथे टाकू नका.

बोरूबहाद्दर

अनुमोदन. आणखी एक: नोंद ठेवा. २०२१ ला दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, आणि निकाल नववीचे ५० आणि दहावीच्या वर्षभरातल्या कामाचे ५० गुण धरून लावला गेला. त्या वेळी ज्या शिक्षकांकडे वर्षभरात कुणाला काय सांगितलं आणि त्याने काय सुधारलं याची वही होती, ते शांत होते. मी अजूनही एका साध्या वहीत मुलाचं नाव, तारीख, दिलेलं एक काम आणि ‘केलं / नाही’ एवढंच लिहितो. पुढचा अभिप्राय देताना आधी ती ओळ वाचतो. दोनदा ‘नाही’ आलं तर तिसरा शेरा लिहीत नाही, फोन लावतो.

मावळतीचा_पालक

कळवतो. मुलीने काल मॅमना विचारलं, कोणतं एक वाक्य बदलू? मॅमनी उत्तर दिलं, ‘प्रकाशसंश्लेषणात पाणी कुठून येतं ते लिहिलंस, ते कुठे जातं ते लिहिलं नाहीस.’ तिने पुस्तक उघडून दोन ओळी घातल्या. मी काही सांगितलं नाही, जरा जड गेलं.

आता एक शेवटचा प्रश्न. तिचे निबंध गूगल डॉक्समध्ये असतात. सर त्यात सुचवणीच्या मोडमध्ये दुरुस्त्या करतात. ती एकेक टिक करत जाते आणि दोन मिनिटांत निबंध स्वच्छ होतो. हे बरोबर आहे का?

बोरूबहाद्दर

निबंध स्वच्छ झाला, पण तो सरांनी केला. सरांना सांगून बघा की दुरुस्ती न करता बाजूला कमेंट लिहा, तीही दोन-तीनच: ‘या परिच्छेदात पाऊस दोनदा सुरू होतो, एकदाच कर’, अशा. म्हणजे तिला स्वतः लिहावं लागेल. आणि कमेंट लगेच ‘रिझॉल्व्ह’ करून बंद करू नकोस, खाली काय बदललं ते एका ओळीत लिही, असं तिला सांगा. डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्या राहतात, त्यामुळे महिन्याभराने पहिला आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवून तिलाच बघू द्या काय बदललं ते.

गणितवेडी

मी आजपासून आठवीच्या मुलांना तानपुरा यांच्या पद्धतीने स्वतःची टिंबं स्वतः देऊन वही पाठवायला सांगितली आहे. संशय असेल तिथे टिंब, खात्री असेल तिथे काही नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत करून बघते आणि इथेच लिहिते. लहान मुलांना, पहिली-दुसरीच्या, ऑनलाइन शिकवणारं कुणी असेल तर अजून त्यांच्याकडून काही आलेलं नाही. लिहा ना.